गार फेरी

अण्णा, तुमचा एक नियम मी मागच्या आठवड्यात मोडला, आणि ते सांगायला दुसरं कुणी नाही. आईला सांगितलं असतं, पण तिला गाडीतलं एवढंच कळतं की चालू असली की आवाज येतो, आणि हल्ली तिला तोही कमीच येतो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही मांडीवर घेतलेली नात आता गाडी चालवते, आणि चालवते म्हणजे भाजी आणायला नाही. कागलच्या पुढे, उसाच्या रानांच्या मधोमध तो ट्रॅक आहे, तिथे ती रेसमध्ये उतरते. गाडी मी तयार करते. माझीच ती जुनी पांढरी गाडी, मागची सीट काढून टाकलेली, छपराखाली लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलेला, बाकी अंग तेच. रविवारी रेस होती, आणि त्याआधीचे कितीतरी दिवस त्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकात काहीतरी होतं. काहीतरी म्हणते आहे, कारण त्याला काय म्हणायचं ते मला ठरवता येत नव्हतं, आणि तुमच्यासमोर तर तो शब्द काढायचीही मला चोरी आहे.

घाटापासून सुरू करते. चंदगडहून खाली कोकणात उतरणारी तुमची एसटी, शाळेला सुट्टी असली की मी तुमच्याबरोबर, डावीकडच्या पहिल्या सीटवर. घाट निम्मा उतरला की ते वळण लागतं. दरीच्या अंगाला कठडा नाही, डोंगराच्या अंगाला शेंदूर फासलेला दगड. त्या वळणाची ख्याती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पूर्वी कधीतरी तिथून एक गाडी खाली गेली आणि तेव्हापासून म्हणे प्रत्येक गाडीत तिथे एक पावणा जास्तीचा चढतो. दिसत नाही. पण गाडी जड होते आणि ब्रेक धरेनासे होतात. नारळ फोडला की तो उतरतो. म्हणून सगळे ड्रायव्हर तिथे थांबायचे, आणि तुम्हीही थांबायचात. आपल्या घरात तर आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून नारळ फक्त चटणीसाठी फुटतो. मी तुम्हाला विचारलं होतं, आपण हे मानत नाही ना, मग तुम्ही का थांबता? तुम्ही म्हणालात, "नारळ त्येंच्या देवाला, बाय. वारा माझ्या डरमाला." तुमचा कंडक्टर खोबऱ्याचे तुकडे वाटत ओरडायचा, "पावणं उतरलं का बघा रं, तिकीट न्हाय काढल्यालं त्येनं." लोक हसायचे. धुक्याचा दिवस असला की मात्र त्या हसण्यात जोर नसायचा, आणि मीसुद्धा माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघायचं टाळायची.

लोक नारळाच्या नादात असताना तुम्ही उडी मारून खाली उतरलेले असायचात. मला अजून दिसता तुम्ही. खाकी शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, एकेका चाकापाशी वाकताय, हाताची पालथी बाजू ब्रेकच्या तापलेल्या ड्रमजवळ नेताय, टेकवत नाही, नुसती जवळ धरताय, आणि क्षणभर डोळे मिटून उभे राहताय. गाडीतल्या बायाबापड्यांना वाटायचं की ड्रायव्हर चाकांच्या पाया पडतोय. एका बाईनं तर तुमच्यामागून येऊन चाकाला हात लावून तो कपाळाला लावला होता आणि बोटं भाजून घेतली होती. तुम्ही मला सांगितलंत, "तळहातावर इस्वास ठिवायचा न्हाय. त्येला घट्टं पडल्यालं असत्यात. पालथा हात खरं बोलतोय." मी पावण्याचं विचारलं तेव्हा तुम्ही माझं मनगट धरून माझाच हात चाकाजवळ नेलात. "ह्यो बघ तुझा पावना. येवढी गाडी उतारावर धरून ठिवायची म्हंजे त्येची आग कुटंतरी जानारच की. ती हितं येती. ब्रेक तापलं की धरत न्हाईत, मानसाला वाटतंय गाडी जड झाली. आग हाय ती. दुसरं कायबी न्हाय." मला ते पटलं होतं. तुम्हाला मदत म्हणून मी ओढ्याचं पाणी डब्यात भरून आणलं आणि चाकावर ओतायला निघाले, तर तुम्ही डबा हिसकावून दरीत फेकलात आणि सगळ्यांसमोर मला झाडलंत. तापलेल्या लोखंडावर पाणी पडलं की तडा जातो, हे तुम्ही नंतर समजावलंत. आधी फक्त ओरडलात. तो डबा आईचा होता, आणि घरी गेल्यावर तुमचीही तिच्याकडून झाडाझडती झाली, म्हणून माझा राग गेला.

आणि मग तो नियम. घाट संपला की पहिल्या गावात गाडी थांबवायची नाही. सपाटीला लांबवर, ब्रेकला पाय न लावता, संथ न्यायची, वाहत्या वाऱ्यानं चाकं निवू द्यायची. थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगडाची उटी लावायची, कारण तापलेला ब्रेक दाबून धरला तर तिथेच चिकटून बसतो आणि लोखंड वाकडं होतं. तुम्ही ट्रॅकवर एकदाच आलात. तुमची नात तेव्हा पाळण्यात होती आणि मला ते नवं वेड लागलं होतं. तुम्ही माझ्या डावीकडे बसलात, पट्टा लावलात, आणि मी वळणाआधी ब्रेक दाबणार त्याच्या अंमळ आधीच तुमचा उजवा पाय तुमच्या बाजूच्या मोकळ्या पत्र्यावर दाबला जायचा. प्रत्येक वळणाला. मी म्हणाले, तिथे काही नाही अण्णा. तुम्ही म्हणालात, "म्हाईत हाय. पाय ऐकत न्हाय." आणि मी गाडी आत घ्यायला लागले तसं बोट वर करून म्हणालात, "अजून येक फेरी. गार." तेव्हापासून तिचं नाव गार फेरी. ट्रॅकवरची बाकीची पोरंही आता तेच नाव वापरतात, कुणाचं ते त्यांना माहीत नाही.

या मोसमात पोरीची गाडी आत आली की मी टेम्परेचरची बंदूक चारही चाकांवर रोखते. लांबूनच उष्णता सांगणारं ते यंत्र, बघितलं असतंत तर तुम्ही नाक मुरडलं असतंत. पुढची दोन्ही चाकं सारखी तापायला हवीत. डावं नेहमीच शंभरेक अंशांनी वर. मी आधी घाबरले नाही. त्या ट्रॅकला उजवी वळणं जास्त, भार डाव्या चाकावर येतो, थोडा फरक पडणारच. पण फरक वाढत गेला. मग मी रीतीनं लागले. ब्रेकचे पॅड डावीकडचे उजवीकडे लावले, उष्णता डावीकडेच. ब्रेक ऑइल नवं भरलं. कॅलिपर, म्हणजे चाकाच्या थाळीला दोन्हीकडून चिमटीत धरणारा तो जबडा, उघडून साफ केला, त्याच्या पिना घासून ग्रीस लावलं. पुढच्या बंपरला भोक पाडून जाड नळीनं वारा थेट त्या चाकावर सोडला. वर्कशॉपमध्ये गाडी जॅकवर घेतली की चाक बोटानं ढकललं तरी फिरायचं, काही तक्रार नाही. ट्रॅकवर गेलं की पुन्हा तेच. वजन जास्त असल्यासारखं. डावीकडे कुणी बसल्यासारखं, हे मी मनातसुद्धा पूर्ण म्हणू देत नव्हते.

मग पोरगी म्हणाली. ती इथल्या पोरींसारखी "करतो, जातो" म्हणते, तुम्ही हसला असतात. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आई, मी पेडल सोडतो की गं, पर गाडी लगेच सुटत न्हाय. मी पाय काढल्यावर बी कुणीतरी दाबून धरल्यागत वाटतंय." मी विचारलं, कुठल्या बाजूनं. तिनं रिकाम्या सीटकडे हनुवटी केली. मी हसले आणि डावीकडची खिडकी पुसायच्या निमित्तानं दार उघडलं. तिकडच्या तळाच्या पत्र्याला मोसमाच्या सुरुवातीला मीच करडा रंग मारला होता. त्या बाजूला कुणी बसत नाही, काही ठेवत नाही, जॅकसुद्धा मी मागे बांधते. पत्र्यावर पुढच्या बाजूला, बसलेल्या माणसाचा उजवा पाय पोचेल तिथे, पंज्याएवढा रंग घासला गेला होता. खालचं लोखंड एसटीच्या झिजलेल्या पायरीसारखं चकाकत होतं. मी त्यावर फडकं मारलं, जणू पुसून जाणार होतं.

दवाखान्यातले तुमचे शेवटचे दिवस मला तेव्हाच आठवले असं नाही, ते कधी फारसे विसरलेलेच नाहीत. डोळे मिटलेले, बोलणं बंद, आणि चादरीखाली उजवा पाय हळूच पुढे दाबला जातोय, थोडा सैल होतोय, पुन्हा दाबला जातोय. डॉक्टर म्हणाले, शिरांचं काहीतरी असतं असं. आई उशाशी बसून म्हणाली, "घाट उतराय लागल्यात." मी तिच्यावर खेकसले. शेवटी तो पाय दाबलेला तसाच राहिला. नर्सनं सरळ केला, तो पुन्हा पुढे गेला, मग तिनं नाद सोडला. आम्ही तुमच्यासाठी वंदना घेतली, भन्ते आले, पुण्यानुमोदन झालं, सगळं आपल्या रीतीनं. कावळ्याची वाट बघायला आपल्यात कुणी थांबत नाही. मला तेव्हा याचं बरं वाटलं होतं. हल्ली वाटतं, दुसऱ्यांच्या घरात निदान विचारायची एक जागा असते, पिंडाला कावळा शिवला की नाही म्हणून. आपल्याला कुणाला विचारायचीही सोय नाही.

रेसच्या आधीच्या सरावात एकदा सरळ पट्ट्याच्या शेवटी तिचं पेडल मऊ झालं. डावीकडचं ब्रेक ऑइल उकळलं होतं. उकळलं की त्यात वाफ होते आणि पाय नुसता आत जातो, गाडी थांबत नाही. ती वळण सोडून मातीत गेली, धूळ उठली, आणि धूळ खाली बसेपर्यंतचा तो वेळ मी कसा काढला ते मी इथे लिहिणार नाही. गाडी उसाच्या कडेला उभी होती. पोरीला काही झालं नव्हतं. त्या बाजूला माती आहे; पुढच्या वळणाला माती नाही, भिंत आहे. मी तिला सांगितलं, हे चाक मला कळलं नाही तर रविवारी गाडी न्यायची नाही. तिनं वर्षभर या रेसची वाट पाहिली होती. ती भांडली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. ती फक्त म्हणाली, "मग कळू दे की तुला."

खरं सांगू का अण्णा, मला कळून घ्यायचं नव्हतं. माझ्या डोक्यात एक विचार बसला होता आणि तो मला उबदार वाटत होता. तुम्ही आहात तिथे. पोरगी वेगात जाते, तुम्हाला सहन होत नाही, तुम्ही पाय दाबून धरता. धरताय तर धरा, तिच्या भल्यासाठीच धरताय. एकदा तर चाकाला हात लावून मी तो हात कपाळाकडे न्यायला निघाले आणि अर्ध्यात थांबले. त्या एसटीतल्या बाईसारखी. तुमची लेक, तुमच्या हाताखाली शिकलेली, कॉलेजात इंजिनियरिंगचा डिप्लोमा केलेली, आणि तिच्या मनात त्या वळणावरचा पावणा बसला. त्याची मला लाज वाटत होती आणि तरी मी त्याला उतरवत नव्हते.

शुक्रवारी सकाळी वर्कशॉपचं शटर वर केलं. मंगळवार पेठेतून येताना दूध घेतलं होतं, ती पिशवी हातातच होती. गाडी आदल्या दिवसापासून जिथे होती तिथेच, थंडगार. पत्र्याच्या फटीतून ऊन यायचं ते उजवीकडे, तेही अजून चाकापर्यंत पोचलं नव्हतं. मी सहज वाकले आणि तुमच्यासारखा पालथा हात पुढच्या डाव्या चाकाजवळ नेला. ऊब लागली. घाटात लागायची तशी नाही, पण भाकरी काढून घेतल्यावर तव्याला असते तेवढी नक्की. मी हात मागे घेतला, दूध खाली ठेवलं, दुसरा हात नेला. ऊब. उजव्या चाकाशी गेले, तिथे काही नाही. बंदूक आणली. चारही चाकांचा आकडा एकच, आसपासच्या हवेचा. पुन्हा हात नेला, आणि पुन्हा ऊब. मी पोरीला हाक मारली, काही न सांगता म्हटलं, इथे हात धर. तिनं धरला, बराच वेळ धरून ठेवला. "गारच हाय की," ती म्हणाली. पण हात तिनं जीन्सला पुसला, आणि मग उगाच बाहेर जाऊन उन्हात उभी राहिली.

मी तिथेच चाकापाशी खाली बसले. आणि घाटातलं एक वाक्य, जे मी इतकी वर्षं नुसतं ऐकलं होतं, ते मला नीट ऐकू आलं. लोक गाडीतून उतरायच्या आत तुम्ही का धावता, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "गरम हाय तवरच बघायचं, बाय. गार झाल्यावर समदी चाकं सारकीच." आधी हात, मग वारा. मी तुमचा वारा तेवढा उचलला आणि हात विसरले. गाडी कितीही तापली तरी मी पोरीला गार फेरी मारायला लावायची, कधी दोन, आणि मगच आत घ्यायची. मी बघायची ती गाडी नेहमी अर्धी निवलेली. ट्रॅकवर दुसरं कुणी इतकं शिस्तीनं गार करत नाही, आणि म्हणून कुणालाही जे दिसलं असतं ते मलाच दिसत नव्हतं. त्या चाकाला जे काही होत होतं ते फक्त आगीत होत होतं, आणि मी आग विझल्यावर दार उघडत होते.

दुपारी ट्रॅकवर गेलो. साखर कारखान्याकडून मळीचा वास येत होता, बाकी कुणी नव्हतं. मी पोरीला म्हटलं, पेडल मऊ वाटायच्या आत थांबायचं, पण थोड्या जोरात फेऱ्या मार आणि गार न करता थेट आत ये. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तूच म्हणतीस की, गार फेरी मारल्याबिगर आत आलास तर घरात घेणार न्हाय म्हणून." मी म्हटलं, आज ये. ती आली तेव्हा चाकांतून धूर निघत होता आणि नाकाला तोच घाटातला करपट वास. तुमचा नियम मोडताना मनात एकच चाललं होतं, थाळी वाकडी होईल, तडा जाईल, तुम्ही ओरडाल. तिनं गाडी गिअरमध्ये ठेवून बंद केली. मी उटी लावली, पुढची बाजू जॅकवर उचलली, गिअर सोडायला सांगितलं. उजवं चाक ढकललं, फिरलं. डावं ढकललं. हललं नाही. दोन्ही हातांनी, खांदा लावून, नाही. मी विचारलं, पेडलवर पाय आहे का? "न्हाय गं," ती म्हणाली, "दोन्ही पाय वर घेतल्यात बघ." तिनं खरंच दोन्ही गुडघे छातीशी घेतले होते. आणि चाक दाबलेलं होतं. कुणाचाही पाय नसताना ते घट्ट दाबून धरलेलं होतं.

मला त्या वेळी डावीकडे आत बघायचं धाडस झालं नाही. मी चाकाच्या मागे हात घातला, कॅलिपरवरच्या छोट्या नटाला पाना लावला, जिथून ब्रेक ऑइल बाहेर काढतात तो नट, आणि पाना फिरवता फिरवता माझ्या तोंडून निघालं, "सोडा आता, अण्णा." तापलेलं ऑइल फस्सकन उडालं, हातमोज्यावर पडलं, आणि माझ्या खांद्याखाली ते चाक सुटलं. हळूच. आधी जरासं, मग पूर्ण. पाय उचलतात तसं. मी भेलकांडून पुढे गेले आणि चाक माझ्याबरोबर फिरत राहिलं.

"कुणाला म्हणालीस?" पोरीनं आतून विचारलं.

"नटाला," मी म्हटलं.

दोष रबरी नळीत होता. लोखंडी पाइप आणि कॅलिपर यांच्यामध्ये वीतभर लांबीची ती नळी, बाहेरून नवीकोरी, आतून कुजून फुगलेली. पायाच्या जोरानं ऑइल आत जायचं, पण तापली की नळी आतून मिटायची आणि ते परत येऊ द्यायची नाही. म्हणून पाय काढला तरी ब्रेक दाबलेला, म्हणून आग, म्हणून उकळणं. एका गार फेरीत ती निवून पुन्हा उघडायची आणि माझ्यासमोर साळसूद होऊन यायची. मी ती उभी चिरून पोरीला दाखवली. तुम्ही मला चाकाजवळ हात धरायला लावून जे सांगितलंत तेच मी तिला सांगितलं, हे बघ, एवढंच होतं, दुसरं काही नाही. दोन्ही बाजूच्या नळ्या बदलल्या, ऑइल बदललं, थाळ्या तपासल्या. थाळी वाकली नव्हती.

रविवारी ती धावली. कितवी आली ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही, पण प्रत्येक वळणाला तिची गाडी जिथे आवरायला हवी तिथे आवरली, आणि भिंतीच्या वळणाला मी डोळे उघडे ठेवले. रेस संपल्यावर तिनं न सांगता एक फेरी संथ मारली आणि मग आत आली. मी बंदूक रोखली. डावं आणि उजवं, दोन्ही जवळपास सारखीच. पोरीनं मला मिठी मारली, घामानं माझा ब्लाउज भिजवला. मला आनंद झाला, खूप झाला, आणि त्याच्याच पोटात दुसरं काहीतरी इतकं रिकामं झालं की मला तिथेच मातीत बसावंसं वाटलं. नळीचा दोष नळीत सापडला. पत्र्यावरच्या घासलेल्या रंगाचा कुठे सापडायचा? शुक्रवारच्या सकाळच्या उबेचा? मी पालथा हात डाव्या चाकाजवळ नेला, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. दोन्ही तापलेली होती, फरक असता तरी त्या आगीत मला कळला नसता.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि आपल्या घरात असं काही कुठे सोडायचीही पद्धत नाही. वर्कशॉपच्या खणात राहील. एकच सांगायचं राहिलं. पोरगी मागे लागली आहे की डावीकडची सीट काढून टाकू, बाकी सगळ्यांनी काढली आहे, नुसतं वजन वाहतोय आपण, तेवढंच ब्रेकला हलकं. मी तिला सांगितलं की ती काढली तर गाडीचा तोल जातो. ते खोटं आहे, अण्णा. त्या पत्र्याला मी या वेळी रंगही मारलेला नाही.